सहा फरश्या आणि एक पाय

माझे मेहुणे, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, चौतीस वर्षं एका छापखान्यात प्रूफं तपासत होते. सही झाल्याशिवाय पान यंत्रावर चढवायचं नाही, हा तिथला नियम दाजींनी घरातही लागू केला. पडदा शिवायला टाकण्याआधी त्याची चिंधी त्यांनी दोन आठवडे उन्हात टांगली होती. फरशीच्या दुकानात ते शिरले की मालक आतल्या माणसाला ओरडून सांगायचा, "अरे, नमुने काढ, नमुना आलाय!" दाजीही हसायचे.

या खेपेला मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या आईंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, तेव्हापासून त्या उजवा पाय फरपटत चालायच्या. न्हाणीघरातल्या जुन्या गुळगुळीत फरशीवर त्या एकदा घसरल्या; बादली आडवी आली म्हणून निभावलं. ताई म्हणाली, "आजपासून मी आत येते." त्यावर आई उसळल्या, "तू बाहेरच थांब. एवढं एक तरी माझं मला करू दे."

म्हणून फरशी बदलायचं ठरलं. दाजींनी सहा प्रकारच्या फरश्या नमुन्याला आणल्या, पाठीवर पेन्सिलीने नंबर टाकले, साबणाचं पाणी ओतलं आणि अनवाणी येरझारा घातल्या. चार नंबर पास. चांगली खरखरीत, पाय जागचा हलेना. गवंड्याला सोमवार दिला. माल सांगण्याआधी आईंना एकदा चालवून पाहायचं, म्हणून रविवारी मलाही बोलावलं.

आईंनी डावा पाय ठेवला. उजवा ओढला, तशी बोटं खरखरीत फरशीला अडकली आणि त्या पुढे कलंडल्या. ताईने कमरेला धरलं.

"अरे, ही तर मला पुढेच जाऊ देत नाही!"

दाजींनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "मी प्रूफ माझ्याच पायांनी वाचलं," एवढंच म्हणाले.

मी कॉमर्सचा माणूस. कागद घेऊन दोन रकाने आखले: घसरते, अडकते. दाजींनी आणि मी दोन्हीकडून धरून आईंना सहाही फरश्यांवर चालवलं. एक आणि दोन घसरत होत्या. चार, पाच, सहा अडकत होत्या. माझी भिस्त तीनवर होती. ती दोन्ही करत होती. धरायला दांडा बसवावा, तर भिंत उजवीकडे आणि उजव्या हाताची मूठ वळत नाही. डावीकडे दार.

"तुझ्या तक्त्यातून काय निघतंय?" दाजींनी विचारलं.

"काहीच नाही."

"दोन शहाणे आणि माझा एक पाय," आई म्हणाल्या. "हरलात ना?"

गवंड्याला पुढच्या आठवड्याचं सांगितलं. परवा गेलो, तर फरश्या न्हाणीघराच्या उंबऱ्याशी रचलेल्या. आत जुन्याच फरशीवर पाणी पडत होतं. नुसत्या लोटलेल्या दाराबाहेर दाजी स्टुलावर बसलेले. थोड्या थोड्या वेळाने विचारत, "आई?" आतून उत्तर येई, "आहे."

फोन वाजला. गवंडी होता. "साहेब, नंबर सांगताय का? नाहीतर दुसरं काम धरतो."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी फरश्यांकडे. आतलं पाणी थांबलं.

"आई?"

उत्तर नाही. फोन कानाला तसाच धरून दाजी उठले, दाराला हात लावला.

"आहे रे! तोंडाला साबण होता."

दाजी पुन्हा स्टुलावर बसले.

"धरा तुम्ही दुसरं काम," ते गवंड्याला म्हणाले.