फणसाच्या खोडावरची कात

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी दुपारचा चहा गाळत होतो. "भावजी, हे गेले... झोपेतच," एवढंच त्या म्हणाल्या. खरं सांगतो, रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, हेही याला किती सहज जमलं! कॉलेजपासूनच्या मैत्रीत दत्तारामचा हेवा केला नाही असा माझा एक दिवस गेला नव्हता. तो तरी कसा जाणार?

मी गिरगावातला, फणसवाडीचा. तो लालबागचा, वडील गिरणीत, गाव मालवणाकडे. दोघेही जीवशास्त्राला. मला झाडांची लॅटिन नावं तोंडपाठ होती, त्याला नुसते कान होते. उन्हाळ्यात भर दुपारी झाडावर बसून कर्कश ओरडणारा किडा, सिकाडा, त्याची जात तो आवाजावरून ओळखायचा आणि मग वर न बघताच झाड कुठलं ते सांगायचा. "पिल्लं वर्षानुवर्षं जमिनीत मुळांचा रस पितात रे. ज्याचं ज्या झाडाशी जमलं, तिथंच तो. झाड तोडलं की किडाही संपला," असं म्हणायचा. किड्यांनी टाकलेल्या काती आम्ही काडेपेट्यांत ठेवायचो आणि झाकणावर पेन्सिलीनं झाड, जागा आणि आणणाऱ्याचं नाव लिहायचो.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. एका दुपारी मोर्चाबरोबर आम्ही गिरगावात शिरलो. "झालाच पाहिजे"च्या दोन आरोळ्यांमध्ये लोक दम घेत होते, तेवढ्यात कान टवकारून यानं माझं मनगट धरलं. "वसंता, हयसर फणस आसा!" मी हसलो. "अरे, फणस आता नावातच उरलाय. मी जन्मल्यापासून राहतोय इथं." त्यानं ऐकलं नाही. दोन चाळींमधल्या बोळातून मागं गेलो तर विहिरीपाशी म्हातारा फणस उभा, खोडावर काती चिकटलेल्या. माझ्या वाडीतलं झाड मला लालबागच्या माणसानं दाखवावं... त्या दिवशी माझ्या पोटात दुखायला लागलं ते कायमचंच.

पुढे आमच्या विभागात शिकवायची एकच जागा निघाली आणि उमेदवार आम्ही दोघे. दत्तारामचं म्हणणं होतं की त्या फणसावरची मोठी हिरवट जात मुंबईत फणस सोडून कुठे राहत नाही. त्यासाठी दादर, परळ पालथं घालून त्यानं झाडांचा नकाशा काढला होता. निवड करणारे आमचे विभागप्रमुख सर स्वतः पाहायला येणार होते. आदल्या दिवशी मी फणसावरच्या तीन काती अलगद उचलल्या आणि दादरच्या एका गुलमोहराला डिंकानं चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी सरांना त्या मीच दाखवल्या.

"दत्ताराम, मग हे काय?" सरांनी विचारलं. त्यानं एक कात सोडवली, उलटी करून पाहिली आणि काडेपेटीत ठेवली.

"नाही सांगता येत, सर," तो म्हणाला.

जागा मला मिळाली. तो परळच्या एका शाळेत मास्तर झाला. मुलांना उन्हात झाडाखाली उभं करून कान देऊन ऐकायला शिकवायचा आणि मुलं त्याच्यावर जीव टाकायची. मी प्राध्यापक झालो. माझ्या वर्गात मुलं घड्याळाकडे बघायची. त्यावरूनही मी जळायचो, उगाच कशाला लपवू? मनाला एकच गोष्ट निववायची... एवढ्या तिखट कानांच्या माणसाला डिंक काही दिसला नाही. निदान एकदा तरी मी त्याच्या वरचढ ठरलो होतो.

तेराव्यानंतर वहिनींनी एक जुनी काडेपेटी माझ्या हातात दिली. "तुम्हाला द्यायची म्हणून यांनी केव्हाचं सांगून ठेवलं होतं." आत तीच कात होती, पायांवरचा डिंक पिवळा पडलेला. झाकणावर त्याचं बारीक अक्षर.

झाड: फणस. जागा: फणसवाडी, मार्गे दादर. आणणारा: वसंता.

पेटी आता माझ्या टेबलावर असते. जन्मभर त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही, दर दिवाळीला मात्र फराळाचा डबा घेऊन आला. दत्तारामला एकदा फसवलं, एवढंच काय ते माझ्यापाशी त्याच्याहून जास्त होतं. जाताना तेही घेऊन गेला.