गळ्यातली सवत

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. मला तेर गावी दुसरेपणावर दिलं आणि मंगळसूत्राबरोबर सवतही गळ्यात पडली. पहिली बायको गेली असली की दुसरीनं तिची मूर्त उमटवलेला चांदीचा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी त्याला टेकवायचं, ही आमच्याकडची रीत. माझी सवत बाळंतपणात बाळासकट गेली होती. मला तिची भीती अशी वाटायची नाही. उलट मी तिची थट्टा करायचे, "बाई, तुझा नवरा लई घोरतो, सुटलीस."

माझं पहिलं पोट पडलं तेव्हा घरात सगळ्यांनी नशीब म्हणून सोडून दिलं. दुसरं गेलं तोवर माझा गळा सुजला होता, आवाज घोगरा झाला होता आणि भर उन्हाळ्यात मला अंगावर घोंगडं लागायचं. टाकाचा दोरा गळ्यात रुतायचा. सासूबाईंनी त्यावर बोट फिरवलं.

"तीच आवळतीया. तिला लेकरू लाभलं न्हाय, तुला कसं लाभू देईल?"

मला ते पटलं. त्यानंतर घास गिळतानाही तिची बोटं जाणवायची. टाक उतरवायची सोय नव्हती. उतरवला तर आणखी कोपली असती. मी तिला चोळी वाहिली, बाळाची टोपडी वाहिली. तरी तिसरं गेलं. त्या दिवशी न्हाणीत टाक मुठीत धरून मी तिला नाही नाही ते बोलले.

शेवटी नवऱ्यानं मला एसटीनं सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, पाणी गिळायला लावलं, रक्त घेतलं.

"गळ्यातली ग्रंथी मंदावली आहे. थायरॉईड म्हणतात तिला. त्यानंही गर्भ टिकत नाही. रोज गोळी घ्यायची."

मी टाक दाखवला, सासूबाईंचं म्हणणं सांगितलं. "मग ही?"

"तिचा काय दोष?"

स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो होतो. नवरा माझ्याकडं न बघता म्हणाला, "तिचाबी गळा असाच फुगला व्हता. तिलाबी लई थंडी वाजायची."

मला रडू फुटलं. पुढं गोळ्यांवर माझी लेक जगली, तरी टाक मी उतरवला नाही, फक्त दोरा सैल केला. माझा गळा आवळायला निदान ती होती. तिच्या गळ्यात तर कुणाचाच टाक नव्हता, मग तिचा गळा कोण आवळत होतं, हे आमच्या घरात एकानंही विचारलं नव्हतं.