फुली म्हणजे व्हय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर मुळीच नाही. मग तुम्हालाच का? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे — नाही, दुसरं काही नाही. तेवढंच.

गोष्ट एका गेमच्या डब्याची आहे. हसू नका. माझं वय अठ्ठावन्न, सांगलीत शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, जन्मात एक गेम खेळले नाही. आणि माझ्या हातून घडलेलं सगळ्यात वाईट काम त्या डब्यापाशी बसून घडलं. हे ऐकायला कसं वाटतं ते मला कळतं हो.

डबा माझ्या धाकट्या दिरांचा. दत्ता भावजी. फौजेत हवालदार होते, आता निवृत्त होऊन रहिमतपूरला घरी असतात, ऊस बघतात. या माणसाला एकच वेड — गेमचे डबे. म्हणजे ते नीट ‘कन्सोल’ म्हणतात, डबा आम्ही म्हणतो. टीव्हीखाली दोन होते: एक जुना, जाडजूड, काळा, एक नवा, पांढरा. दिवाळीला आम्ही सांगलीहून गेलो की फराळाच्या ताटापाशीच त्यांची तुलना सुरू व्हायची. “नवा लय पळतोय, वहिनी. चित्र बघा, कसं काचंगत हाय. पर ह्यो पोटात काय ठिवून घेत न्हाई. गानी भरता येत न्हाईत, शूटिंग भरता येत न्हाई. पेनड्राइव्ह लावा, बघा, काढा. आपला जुना कसा — दिलं ते गिळतोय!” मग जुन्याचा पंखा का घरघरतो, चकती वाचणारं भिंग कसं झिजतं, आतली हार्ड डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तरी का उघडत नाही — तर म्हणे तिला कुलूप असतं, ती फक्त तिच्याच डब्यात उघडते. एवढं होईस्तोवर आमचे हे पेपर घेऊन गच्चीवर गेलेले असायचे. मी मात्र ऐकायचे. आणि खरं सांगू का, मला ते आवडायचं. म्हणजे बघा, मला त्यातलं बरंच कळत होतं. हे लक्षात ठेवा, पुढे मी काय बोलले ते सांगणार आहे.

जुन्या डब्याच्या पोटात सासूबाई होत्या.

कसं झालं, एका सुट्टीला भावजींनी पलटणीतल्या सोबत्याचा हँडीकॅम आणला होता आणि आठ-दहा दिवस नुसतं आईचं शूटिंग केलं होतं. आई शेवया करताना, आई म्हशीशी भांडताना, आई उगाच बसलेली. सगळं डब्यात भरलं, ‘आई’ नावाचा फोल्डर केला, कॅमेरा परत गेला. “कॉपी करून ठिवतो,” म्हणत वर्षं गेली. पुढे सासूबाई वारल्या तेव्हा भावजी सीमेवर, बर्फात रस्ते बंद. पोचलेच नाहीत. त्यांच्या जागी खांदा दिला तो इक्बालभाईंनी. इक्बालभाई म्हणजे पेठेतले टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे, भावजींचे पहिलीपासूनचे मित्र. तर भावजींकडे आई म्हणून जे काही उरलं होतं ते तेवढंच. अकरा तुकडे शूटिंग.

त्यातल्या एकात मी आहे. मागे, परातीपाशी, हाताला पीठ. सासूबाई कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, “ही आमची थोरली. शाळंत शिकवती. जगाच्या पोरांस्नी शिकवती, आन् हिला भाकरी कोन शिकवायचं?” मग सगळे हसतात. आमच्या ह्यांचा आवाज त्यात सगळ्यात मोठा. मीही हसतेय — दात दिसतायत.

दर दिवाळीला ते लागायचं. दर दिवाळीला त्या वाक्याला सगळे वळून माझ्याकडे बघायचे, आणि मी पुन्हा हसायचे. राग होता का मला? अहो, साधी थट्टा ती. सासूबाई वाईट नव्हत्या, माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनीच केलं. पण दहा-बारा वर्षं तेच, तस्संच, तोच आवाज... माणूस एकदा बोलून विसरतं. डबा विसरत नाही. मला राग होता की नव्हता, हे मला आजही नक्की सांगता येत नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर जुना डबा बंद पडला. पिवळा दिवा लागायचा, तीनदा पीं करायचा आणि गप्प. भावजींचं तोंड एवढंसं झालं. इक्बालभाईंनी डबा दुकानात नेला, खोलला, आतल्या सर्किटच्या पाटीला गरम हवा दिली, पंखा साफ केला, आणखी काय काय केलं, आणि पाडव्याला दुपारी स्वतः घेऊन आले. भावजी तेव्हा जाऊबाईंना आणायला मेढ्याला गेले होते. आमचे हे शेतावर. घरी मी एकटी.

त्यांनी डबा जोडला, चालू केला, ‘आई’ उघडून सासूबाई दाखवल्या. “बघा बाई, जशाच्या तशा. डिस्कला म्या हात लावला न्हाई.” डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, मी पाहिलं. मग कंट्रोलर माझ्या हातात दिला. त्यावर चार खुणा असतात — गोल, फुली, त्रिकोण, चौकोन. म्हणाले, “एक ध्यानात ठिवा. ह्यात फुली म्हंजी व्हय, आन् गोल म्हंजी न्हाई. आपल्याला उलटं वाटतंय, सांभाळून दाबा.” चहा नको म्हणाले, दुकान उघडं टाकून आले होते. गेले.

मी बघत बसले. एक, दोन, तीन. मग तो तुकडा आला. घरात दुसरं कुणी नव्हतं, वळून बघायला कुणी नव्हतं, आणि तरी मी हसले. सवयीनं! स्वतःचं ते हसणं मला कळलं आणि — कसं सांगू — मला स्वतःची शिसारी आली. मी थांबवलं. त्रिकोण दाबला. बाजूला यादी आली, त्यात पुसण्याचा पर्याय होता. मी तो निवडला. हे मी केलं, शुद्धीवर असताना केलं. का? फक्त तो एक तुकडा काढायचा होता? की बघायचं होतं, काढता येतो का? मग स्क्रीनवर प्रश्न आला, इंग्रजीत, ‘पुसायचं का’ अशा अर्थाचा. आणि फोल्डरचं नाव. म्हणजे थांबवताना मी एक पायरी जास्तच मागे आले होते; एक तुकडा नाही, अख्खा फोल्डर. मी घाबरले. नको, नको, नको, असं मी तोंडानं म्हटल्याचं मला आठवतं. आणि मी फुली दाबली.

आता तुम्हीच सांगा. नाही, सांगू नका. तीस वर्षं चुकलेल्या उत्तरावर लाल पेनानं फुली मारलेली बाई मी. माझ्या बोटाला फुली म्हणजे ‘नाही’, ‘चूक’, ‘खोडा’. घाबरलेलं बोट तिकडेच जाणार. पण दहा मिनिटांपूर्वीच मला कुणीतरी समोर बसून सांगितलं होतं की इथं उलटं आहे! मला ते आठवत होतं की नव्हतं? स्क्रीनवर फुलीच्या खुणेशेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. मी ते वाचलं का? चष्मा डोळ्यांवर होता की कपाळावर? कधी वाटतं, चुकून झालं. कधी वाटतं, ‘नको’ मी सासूबाईंनाच म्हणत होते. दोन वर्षं मी तो क्षण उलटसुलट करून बघतेय आणि दर वेळी तो वेगळाच दिसतो.

एक पट्टी सरकली आणि फोल्डर गेला. मी डबा बंद केला आणि चकल्या तळायला गेले.

संध्याकाळी भावजी आले, जोडे काढायच्या आधी टीव्हीपाशी. शोधलं, पुन्हा शोधलं. मग जमिनीवर बसले. फौजी माणूस, पण आवाज असा आला — “वहिनी, आई कुठं हाय?” मी कढईपाशी. चकल्या उलटत राहिले. त्यांनी फोन केला, इक्बालभाई तसेच सायकलवर आले. आणि अंगणातच भावजी त्यांच्यावर तुटून पडले. एवढी वर्षं जपलं, आणि तू डिस्क साफ केलीस, चुकून केलीस तर कबूल कर की लेका! इक्बालभाई म्हणत होते, “गड्या, म्या बाईंना लावून दावलं की. आत्ता दुपारीच. बाई, तुमी सांगा.”

दोघंही माझ्याकडे बघत होते. आमचे हेही शेतावरून आले होते, दारात उभे.

मी म्हणाले, “मला बाई यातलं काही कळत नाही.”

इतकंच. कोणत्याही बाईनं कोणत्याही यंत्रासमोर म्हणावं तसं. कुणाला नवल वाटलं नाही. आमचे हे तर म्हणाले, “तिला काय विचारतोस, तिला रिमोट धरता येत न्हाई.” इक्बालभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असणार. त्याच क्षणी कळलं असणार, हो ना? ते म्हणाले, “बरं.” भावजींच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, भावजींनी झटकला. मग त्यांनी सायकल वळवली.

त्यांनी माझं नाव का घेतलं नाही? मी बाईमाणूस म्हणून? पाहुणी म्हणून? सणाचा दिवस म्हणून? की त्यांनाच शंका आली, खरंच आपल्या हातून काही बिघडलं का म्हणून? हे शेवटचं मनात आलं की मला बसवत नाही.

पुढचं पटापट सांगते, कारण माझ्याच्यानं हळू सांगवत नाही. भावजींनी पेठेत चारचौघांत बोलून दाखवलं. रहिमतपूर केवढंसं. ज्याला-त्याला आपल्या लग्नाच्या शूटिंगची, आपल्या फोटोंची भीती — लोक दुरुस्तीला कोरेगावला जाऊ लागले. वर्षभरात दुकानातलं दुरुस्तीचं टेबल गेलं, मोबाइलची कव्हरं लटकू लागली. आणि ते दोघं मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. सहा वर्षांचे असल्यापासूनची दोस्ती ती.

मी किती वेळा बोलू शकले असते? रोज. फोन तर हातातच असतो.

गेल्या महिन्यात आम्ही रहिमतपूरला होतो. सकाळचा चहा चाललेला, आणि रस्त्यानं टेम्पो गेला. कपाटं, गाद्या, एक जुना टीव्ही. इक्बालभाई दुकान देऊन मिरजेला मुलीकडे कायमचे राहायला चालले होते. ड्रायव्हरशेजारी बसले होते, आमच्या घराकडे त्यांनी पाहिलं नाही. भावजी कप हातात घेऊन दारापर्यंत गेले. टेम्पो वळेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग आत आले आणि मला म्हणाले, “वहिनी, म्या त्याला लय बोललो व्हय?”

गाडी अजून स्टँडापर्यंतही पोचली नसेल. भावजींची मोटारसायकल अंगणात, किल्ली कुलपालाच.

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला आणि म्हणाले, “नाही हो भावजी. तुमचं बरोबरच होतं.”