मेणबत्तीने ताट पुढे सरकवलं

चर्चमध्ये प्रभुभोजनाचं ताट बाकावरून हातोहात येतं. प्रत्येकाने पावाचा तुकडा उचलायचा आणि ताट शेजारच्याकडे द्यायचं. सलग तीन महिने मेणबत्तीने तुकडा उचललाच नाही. ताट आलं की दोन्ही हातांनी धरायचा, मान खाली घालायचा आणि पुढे सरकवायचा. बाकीची मंडळी डोळे मिटून बसलेली. माझे उघडे होते. मी मागच्या बाकावर बसतो तो त्याचसाठी.

मेणबत्ती हे त्याचं लॅबमधलं नाव. लॅब कवळ्या बनवण्याची. तिथे याचं काम मेणाचं: दंतवैद्यांकडून आलेल्या साच्यावर मेणाच्या हिरड्या चढवायच्या आणि त्यांत दात बसवायचे. अंगाने काटकुळा, चालायला ताठ, दाढा बसवतानाही भजनं गुणगुणणार. नाव मीच ठेवलं होतं. तेव्हा मी मुख्य कारागीर होतो. आता तो मुख्य आहे आणि मी घरच्या पुढच्या खोलीत बसून तुटलेल्या कवळ्या सांधतो.

हे असं उलटं झालं ते बारा वर्षांपूर्वी. एका आठवड्यात आमच्या सहा कवळ्या तुटल्या. त्यातली एक मुख्याध्यापिकाबाईंच्या तोंडात, भर सभेत. तुकडे परत आले, बघतो तर आत भोकंच भोकं. कवळीचं प्लास्टिक पितळी डबीत भरून पाण्याच्या टाकीत हळूहळू तापवावं लागतं. घाईने आच वाढवली की आत बुडबुडे राहतात आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. त्या सहाही एकाच दिवशी तापवलेल्या, आणि त्या दिवशी टाकीची आच लावली होती माझ्या धाकट्या बहिणीने. ती लॅबमध्ये पॉलिशच्या कामाला होती.

"दादा, मी बरोबर लावली होती रे," ती म्हणाली.

महिन्यावर तिचं लग्न आलं होतं. हिचं चित्त थाऱ्यावर नाही, असं मी धरून चाललो आणि सगळ्यांदेखत तिला नाही नाही ते बोललो. ती त्याच दुपारी काम सोडून गेली. कामाच्या चिठ्ठीवर सही माझी, म्हणून मालकांनी मलाही घरचा रस्ता दाखवला. मी तिच्या लग्नाला गेलो नाही. आईच्या मातीला आम्ही दोघं दोन टोकांना उभे होतो. माझी एकुलती एक बहीण तीन गल्ल्या पलीकडे राहते आणि तिच्या मुलीचा चेहरा मला नीट माहीत नाही.

तर मेणबत्ती. मालक थकले होते, लॅब त्याच्या नावावर करणार होते. चर्चच्या मंडळीतही त्याला वडील, म्हणजे पंच, म्हणून नेमायचं ठरत होतं. म्हणजे दोन्हीकडे मान. सगळं पदरात पडत असताना हा पठ्ठ्या ताट का सरकवतो? कुठेतरी पाणी मुरत होतं. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे कवळ्या करणाऱ्याला कोणी शिकवायला नको. बायको म्हणते, देवदूत दारात आला तरी तुम्ही आधी त्याचे पंख ओढून बघाल. बघेन. त्यात काय चुकलं?

एका रविवारी उपासनेनंतर तो थेट माझ्या खोलीत आला. मी स्टूल दिलं नाही.

"काय काम काढलंस?"

"सांगायचं होतं. त्या सहा कवळ्या माझ्यामुळे गेल्या."

मी हातातली कानस खाली ठेवली.

"आच तुझ्या बहिणीने बरोबरच लावली होती. डब्या काढून टाकी बंद करायचं काम माझं होतं. गायनाच्या सरावाला उशीर होत होता, म्हणून मी आच वाढवली आणि तासभर आधी काढल्या. दोन दिवस सांगू सांगू म्हणत राहिलो. तेवढ्यात तुझी खुर्ची मला दिली. मग तोंडच उघडेना."

माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की याला माझी कसली तरी सही हवी असणार. दुसरा, की याला मोठा आजार झालाय.

"बारा वर्षं गप्प होतास. मग आजच कसा पाझर फुटला?"

"लॅब माझ्या नावावर होणार म्हटल्यावर ताटातला तुकडा उचलवेना. ज्याचं वाकडं केलं त्याच्याशी आधी नीट हो, मग देवापुढे ये, असं आहे आपल्यात. मी उलटं करत होतो."

"मालकांना सांगितलंस?"

"शुक्रवारी. म्हणाले, झालं गेलं, कुठे बोलू नकोस, लॅब तुझीच. दंतवैद्यांना कळलं तर काम येणं बंद होईल. मी म्हटलं, त्याचं नाव साफ झाल्याशिवाय मला लॅब नको. म्हणाले, मग दोन्हींतलं एक धर."

"आणि काय धरलंस?"

"सगळ्या दंतवैद्यांना पत्रं टाकून आलोय. नक्कल मालकांच्या घरी दिली."

त्याने हात जोडले नाहीत, रडला नाही. माफ कर म्हणाला आणि उभा राहिला. माझा विश्वासच बसत नव्हता. जाताना तो दार हळू ओढून घेऊन गेला.

सोमवारी सकाळी मी खातरजमा करायला लॅबवर गेलो. त्याच्या खुर्चीत दुसराच माणूस होता. मेणबत्ती मागच्या कोपऱ्यात, नवशिक्यांच्या टेबलावर, कोपरापर्यंत पांढरा होऊन प्लास्टर कालवत होता. मालकांनी पत्राची नक्कल माझ्या अंगावर फेकली. "तूच याचे कान भरलेस ना?" ते म्हणाले. पत्र चार ओळींचं होतं. त्यात माझं नाव होतं, बहिणीचंही होतं, आणि दोघांचा काही दोष नाही असं लिहिलं होतं. मी ते तीनदा वाचलं. त्यात खोट सापडेना.

सगळ्या जगावर संशय घेणारा मी, पण तेव्हा याच्यावर घेतला नाही, कारण हा भजनं म्हणायचा. घेतला तो घरच्या पोरीवर. खुर्ची गेली याचं मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. लाज वाटली, आयुष्यात पहिल्यांदा इतकी.

लॅबमधून मी तसाच तीन गल्ल्या पलीकडे गेलो आणि दार वाजवलं. तिने दार उघडलं, मला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"कोण गेलं?"

"कोणी नाही गं. आच तू वाढवली नव्हतीस. मेणबत्तीने कबुली दिली. हे बघ, पत्र आहे."

तिने पत्र हातात घेतलं नाही.

"मी सांगितलं होतं ना, दादा," ती म्हणाली. "तेव्हा पण खरंच होतं ते."