केसपेपरवरची धडधड

काउंटरवरच्या बाईंनी कन्नडमध्ये विचारलं, काय त्रास होतोय, आणि मी म्हणालो, "स्वल्प धडधड." वर कळावं म्हणून छातीवर ठोके मारूनही दाखवले. सर्दी म्हणायला हवं होतं. फार तर गुडघा. नागपूरहून बंगळुरूला येऊन बारा वर्षं झाली, पण माझ्या तुटपुंज्या कन्नडात 'स्वल्प' म्हणजे थोडंसं, हा एकच शब्द मला भरवशाचा वाटतो. ऑटोवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळीकडे तो मला सोडवतो. इथे त्याचाही उपयोग झाला नाही. दोन मिनिटांत मी चाकांच्या खुर्चीत होतो.

खरं तर मला काहीही होत नव्हतं. मुलीला घेऊन मी कॉलेज बघायला आलो होतो. तिला डॉक्टर व्हायचंय. कॉलेजांच्या पसंतीची यादी त्या दिवशी संध्याकाळी सहाला बंद होणार होती. नंतर एक ओळही खालीवर करता येणार नव्हती. निकाल लागल्यापासून मी दिसेल त्याला सल्ला विचारत होतो. ऑफिसात विचारलं, लिफ्टमध्ये विचारलं, दाढ दाखवायला गेलो तर तोंड उघडं ठेवून दातांच्या डॉक्टरलाही विचारलं. प्रत्येकाचा एक भाचा कुठेतरी शिकत होता आणि ते सोडून बाकी सगळी कॉलेजं टाकाऊ होती.

उपयोगाचं बोलले ते आमच्या मराठी मंडळातले अण्णा. त्यांचं घर तीन पिढ्यांपूर्वी बेळगावकडून इथे आलेलं. ते म्हणाले, "इमारत काय बघता? त्यांच्या दवाखान्यात जाऊन तासभर बसा." बसा म्हणाले होते. पण केसपेपराशिवाय कोणी बसू देईल का, असं वाटून मी रांगेत उभा राहिलो. म्हणजे रांग नव्हतीच. तिथेच मला कळायला हवं होतं.

यादी मी ऑफिसच्या शिस्तीने केली होती. जे. पी. नगरातल्या आमच्या दारापासून प्रत्येक कॉलेजच्या फाटकापर्यंतचं अंतर काढलं आणि जवळचं वर, लांबचं खाली. शहराबाहेरचं, पण आमच्याच बाजूचं हे चकचकीत कॉलेज पहिलं आलं. मुलीला हवं असलेलं सरकारी कॉलेज पार उत्तरेला, रात्रभराच्या रेल्वेचं. ते तेविसावं आलं. ती एकदाच म्हणाली होती, बाबा, ते वर घ्या. मी 'बघू' म्हणालो. आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे तिला चौथीपासून ठाऊक आहे.

तर मला एका खाटेवर आडवं केलं. शर्ट काढला, छातीवर गोळे चिकटवले, बोटाला चिमटा लावला. आजूबाजूच्या सगळ्या खाटांवर कडक इस्त्रीच्या चादरी होत्या आणि माणूस एकही नव्हता. कुठून कुठून सहा विद्यार्थी गोळा झाले. बशीत एकच पेढा उरला की पाहुणे जसे बघतात, तसे ते माझ्याकडे बघत होते. मोठ्या डॉक्टरांनी एकेकाला माझी छाती ऐकायला लावली. बोलू नका, हलू नका, आजची रात्र इथेच राहा, असं मला सांगितलं आणि ते शेजारच्या टेबलावर लिहायला बसले.

मी मुलीला हळूच म्हणालो, "अगं, सांग ना त्यांना."

"तुम्हीच सांगा. केसपेपर तुम्ही काढलात."

माझ्या छातीला नळी लावून उभी असलेली मुलगी खुदकन हसली. निपाणीकडची निघाली. "काका, तुम्हाला कायबी होत नाही न्हवं?" तिने विचारलं. मी मान डोलावली. तिने नळी काढली नाही. ऐकतेय असं दाखवत ती माझ्या मुलीशी बोलू लागली. सकाळपासून त्यांना हे एकटे काकाच मिळालेत, म्हणाली. पुस्तकं सगळीकडे तीच असतात.

"जिथं खाट मोकळी मिळत नाही ना, तिथं जा. हॉस्टेल गळकं असंल, मेस वाईट असंल. पण हात बसंल."

मुलीने ते सरकारी कॉलेज सांगितलं. निपाणीची मुलगी म्हणाली, "मग इथं काय करालीस?"

साडेपाच वाजले होते. मुलीने आपल्या फोनवर यादी उघडली, बराच वेळ बोट फिरवलं आणि माझ्याकडे आली. "बाबा, ओटीपी तुमच्या मोबाइलवर येईल."

माझ्यावाचून काही होऊ नये म्हणून सगळीकडे माझाच नंबर दिला होता. शर्ट खुर्चीवर होता, मोबाइल त्याच्या खिशात. तो तिने आणून माझ्यापुढे धरला. उघडतो माझ्या उजव्या हाताच्या बोटाने, आणि नेमका त्याच बोटाला चिमटा होता. डॉक्टर पाठमोरे लिहीत होते. मी हललो नसतो तर कोणी मला दोष दिला नसता. डॉक्टरांचीच आज्ञा होती. मुलगी मोबाइल धरून उभी होती.

मी चिमटा काढला. यंत्र किंचाळायला लागलं, नर्स धावत आली. त्या गोंधळात मी फोन उघडला आणि सहा आकडे मोठ्याने वाचले. तेविसावं कॉलेज पहिलं झालं. डॉक्टरांनी चिमटा परत लावून आकडा बघितला आणि म्हणाले, आता मात्र नाडी खरंच पळतेय.

रात्रभर राहायला मी नकार दिला, तेव्हा एक कागद पुढे आला. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जात आहे, असं त्यावर होतं. महिनाभर सल्ला शोधत फिरलेल्या माणसाने खाली सही केली.

घरी येऊन बायकोला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ती बिदरची, कन्नड तिला घरच्यासारखं. चाकांच्या खुर्चीपर्यंत ती पोट धरून हसली. मग तिने लेकीच्या फोनवर यादी बघितली, पहिली ओळ दोनदा वाचली आणि आत जाऊन चहा टाकला. कप माझ्यासमोर ठेवताना म्हणाली,

"काउंटरवर खोटं कुठे बोललात? महिनाभर धडधड आहेच तुम्हाला. मलाही आहे. मी फक्त केसपेपर काढला नाही."