म्हैसमाळच्या पॉइंटवर बापूकाका

दोष सगळा बापूकाकांचा. आधीच सांगून टाकतो, कारण पोरगा कॉलेज सोडून बसला की आमच्या घरात पाऊस नाय पडला तरी दोष त्याचाच असतो. काकांचे किस्से कुणी गोळा करत नाही. भिंतीला ओल धरावी तसे ते आपोआप वाढतात.

काका म्हणजे बापाचे थोरले भाऊ, एसटीतले रिटायर्ड कंडक्टर. मी इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा बापानं बोलणं टाकलं, काकांनी ओळखीच्या मालकाकडून टुरिस्ट गाडी मिळवून दिली. मालकाची अट एकच : महिनाभर काका शेजारी बसणार. तक्रार आली नाही तर गाडी माझ्या एकट्याच्या हातात. म्हणजे ज्या माणसामुळं तक्रार येणार, तोच जामीन!

पाहुणे येतात दीड दिवसासाठी. वेरूळची लेणी उरकायची आणि संध्याकाळी म्हैसमाळच्या डोंगरावर सूर्यास्त बघायचा. पहिल्याच दिवशी पुण्याच्या एक बाई कड्यापाशी दरी बघत उभ्या होत्या. काका मागून बोट दाखवायला लागले : त्या वळणावर आमची गाडी पंक्चर झाली होती, त्या झाडाखाली फॅनबेल्ट तुटला. बाईंना सगळा निसर्ग बिघाडांसकट पाठ झाला. निघताना म्हणाल्या, "काका, खाली तरी नीट पोचू ना?"

मग एक नवं जोडपं. बाकावर खेटून बसलेलं. काकांनी कणसं विकणारी आजी आणून शेजारी बसवली. "तिघांचं बाक हाय, सरका जरा." आजीनं तासभर नवरीला सासू कशी वठणीवर आणायची ते शिकवलं. नवऱ्याची नजर म्हणजे तक्रारच होती, फक्त लेखी नव्हती.

एकदा ढग उतरले, हातभर अंतरावरचं दिसेना. पाहुण्यांची पोरं हिरमुसली. काकांनी ढगात हात करून सगळं दाखवलं. इकडं वेरूळ, तिकडं खुलताबाद, तो बघा देवगिरीचा किल्ला. ढग हटले तेव्हा किल्ल्याच्या जागी शौचालय होतं. मी लाजेनं मेलो. पोरं मात्र काकांना सोडेनात, तिथंच उभं करून फोटो काढले.

घरी आलो की मी भांडायचो. तुमची कंडक्टरकी सुटत नाय, आणि भोगायचं मी? बाप आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवायचा. काका ताट पुढं सरकवायचे. "आधी जेव. मग भांड."

महिन्याचा शेवटचा दिवस. मागं नागपूरचं वयस्कर जोडपं. ती दोघं कड्याकडं गेली आणि मी काकांना सरळ सुनावलं, उद्यापासून गाडीत तुमचं तोंड नको. काका उतरून गेले. मी काचा वर करून समोर बघत बसलो.

थोड्या वेळानं मागचं दार वाजलं, दोन माणसं बसली. काका पुढं येऊन बसले आणि काच खाली करून, हात बाहेर काढून टपावर दोनदा टकटक केलं. कंडक्टरच्या भाषेत, चल. मी रागात मागं वळून काय, आरशातसुद्धा बघितलं नाही. घाट उतरलो. सगळी वाट गाडीत कुणी चकार शब्द काढला नाही.

खुलताबादच्या अलीकडं मागून आवाज आला, "इथं थांबव बाबा, आमचा फाटा आला."

ब्रेक मारून मागं बघितलं. फेटा बांधलेला एक म्हातारा, डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी, मांडीवर नारळ.

"देवळातनं पायी चालली होती," काका म्हणाले. "पाव्हण्यांचं बघणं व्हायचंय अजून. म्हटलं तवर यांना सोडून येऊ. मागं जागा रिकामीच होती की."

माझा फोन वाजायला लागला. मालक.

वर कड्यावर राहिलेल्या नागपूरकरांची तक्रार पोचली होती. गाडी त्याच दिवशी गेली.