मोनॅकोच्या चौकातला म्हातारा

लाँग वीकेंड मावशींना मोनॅकोच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडायच्या सगळ्या वाटा तोंडपाठ होत्या. कोणत्या वाटेने बंदर गाठता येतं, कुठल्या सरकारी लिफ्टमुळे डोंगराचा चढ वाचतो, शेजारच्या फ्रान्समधल्या नीसहून बसने जाताना समुद्र दिसायला उजवीकडे का बसायचं, हे सगळं त्या भेंडी चिरताना सांगत. मी त्यांना ओळखू लागलो ते २००२ साली. तेव्हा त्यांनी मोनॅको पाहिलं नव्हतं. युरोपातला कोणताच देश पाहिला नव्हता.

मावशी मूळच्या नागपूरच्या. वय पन्नाशीच्या आसपास. अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्या रक्ताचे नमुने तपासत आणि एकट्या राहत. मेअखेरचा मेमोरियल डे, सप्टेंबरातला लेबर डे असे शनिवार-रविवारला जोडून येणारे सोमवार आले की लॅबमधल्या सगळ्यांना सुट्टी हवी असे. मावशी त्या दिवसांची ड्यूटी मागून घेत. गावातल्या मराठी कुटुंबांच्या त्याच सुट्ट्यांचे बेत मात्र त्यांच्याच टेबलावर ठरत. नाव पडलं ते त्यावरून.

बेत त्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहीत. चार रकाने: वेळ, ठिकाण, बसायची बाजू, खायचं काय. धोक्याची सूचना लाल शाईत. एका वीकेंडमध्ये तीन राज्यं करायला निघालेल्या एकाला त्यांनी पान द्यायला नकार दिला होता. “तीन दिवसांत जे संपतं तेच बघावं,” त्या म्हणाल्या. “बाकीचं तू गाडीच्या काचेतून बघून राहिला. त्याला माझं पान कशाला?”

तीन दिवसांत पूर्ण संपेल असा, समुद्रकाठचा देश म्हणून त्यांनी मोनॅको निवडलं होतं. सगळा देश या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालायचा आणि राजवाड्यापुढच्या चौकात बसून घरचा डबा खायचा, असा बेत होता. अडचण कागदांची होती. मी येण्याच्या आदल्या वर्षी त्या बहिणीच्या लग्नाला नागपूरला गेल्या होत्या. परतीच्या व्हिसाचा शिक्का मिळायला अकरा आठवडे लागले आणि नोकरी जाता जाता वाचली. तेव्हापासून ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत अमेरिकेबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. अर्ज गेलेला होता. रोज कामावरून आल्यावर त्या आधी टपालपेटी उघडत आणि मग घराचं दार.

माझा व्हिसा नवा होता, बाहेर जाऊन परत यायला अडचण नव्हती. पुण्यात मी एका दैनिकात उपसंपादक होतो. इथे बायकोच्या, मेघनाच्या, नोकरीमुळे आलो आणि महाराष्ट्र मंडळाचं त्रैमासिक काढू लागलो. २००३ साली आम्ही मोनॅकोला जायचं ठरवलं तेव्हा मावशींनी आपलं पान काढून दिलं. खाली लाल शाईत लिहिलं होतं: ‘मेमध्ये नाही.’ मला वाटलं, उन्हामुळे असेल. मेमोरियल डेला जोडून आठवडाभराची तिकिटं स्वस्त मिळाली. आम्ही ती काढली.

स्टेशनाबाहेर आलो तर रस्ते बंद. मोटारींची शर्यत होती. जिकडे तिकडे लोखंडी कठडे, तिकीटवाल्यांच्या रांगा, आणि कानठळ्या बसवणारा आवाज. वीस मिनिटं आम्ही एका कठड्यापाशी उभे राहिलो आणि पुढच्या गाडीने नीसला परतलो. उरलेले दिवस तिथल्या समुद्रावर गेले.

परतल्यावर मावशींनी जेवायला बोलावलं. वरणभात वाढता वाढता त्यांनी विचारलं, “चौकात बसला का रे?”

“बसलो ना,” मी म्हणालो.

मेघनाने माझ्याकडे पाहिलं आणि भात कालवू लागली.

“कोण होतं तिथे?”

“एक म्हातारा होता. कठड्यावर डबा उघडून जेवत होता. आम्ही त्याच्याशेजारी बसलो. खाली दोन्हीकडे बोटी दिसत होत्या.”

“दोन्हीकडे,” मावशी समाधानाने म्हणाल्या आणि माझ्या पानात आणखी तूप वाढलं.

बोटी मी त्यांच्याच कागदावरून घेतल्या होत्या. म्हातारा माझा होता. त्रैमासिकाच्या पुढच्या अंकात मी तो वृत्तांत छापला, म्हाताऱ्यासकट. दैनिकातल्या नोकरीत मी एकही ओळ बनवून लिहिली नव्हती.

त्यानंतर चार वर्षं मावशी अधूनमधून म्हाताऱ्याची चौकशी करत. डब्यात काय होतं? टोपी होती का? मी उत्तरं देत गेलो. टोपी निळी झाली.

कार्ड २००७च्या फेब्रुवारीत आलं. मावशी आधी तीन आठवडे नागपूरला जाऊन आल्या. मग लेबर डेची ड्यूटी त्यांनी पहिल्यांदाच नाकारली. शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांना डेट्रॉइटच्या विमानतळावर सोडायला गेलो. पर्समध्ये मेथीचे पराठे होते आणि ते जुनं पान. गाडीत मला राहवलं नाही.

“मावशी, तो म्हातारा... मी चौकात गेलोच नव्हतो.”

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “मेमध्ये तिथे शर्यत असते. म्हणून तर लाल शाईत लिहिलं होतं बाप्पा.”

“मग चार वर्षं विचारत का होतात?”

“टपालपेटी रिकामी असली की मी म्हाताऱ्याचा विचार करायची. तो बसलाय तिथे, जेवून राहिला आरामात, तर आपल्यालाही जागा मिळेल कधीतरी. तुला खोटं पाडून माझं काय भलं झालं असतं?” मग त्या म्हणाल्या, “छापायला मात्र नको होतंस. तू पेपरवाला ना?”

मंगळवारी त्या वेळेवर लॅबमध्ये हजर होत्या. देश त्यांनी रविवारी एका दिवसात, पायी, पुरा केला होता. संध्याकाळी फोन केला तेव्हा म्हणाल्या, “चौकात तासभर वाट पाहिली. तुझा म्हातारा काही आला नाही. मग त्याच्या जागी मीच बसले आणि डबा उघडला. दोन पोरी फोटो काढत होत्या, त्यांनाही पराठा दिला.”

पुढच्या वर्षी थंडीला कंटाळून त्यांनी ॲरिझोनात, चँडलरच्या एका हॉस्पिटलात नोकरी धरली. त्या गेल्यावर निघालेल्या पहिल्याच अंकात मी पहिल्या पानावर चौकट टाकली:

‘खुलासा: २००३ साली या त्रैमासिकात आलेल्या मोनॅकोच्या वृत्तांतात राजवाड्यापुढच्या चौकात एक म्हातारा जेवत असल्याचे म्हटले होते. असा कोणी म्हातारा नव्हता. सप्टेंबर २००७ मध्ये मात्र तेथे नागपूरच्या एक बाई, वय ५५, मेथीचा पराठा खात बसल्या होत्या. चुकीबद्दल दिलगीर आहोत. — संपादक’

आठवड्याने चँडलरहून पाकीट आलं. आत कॅलेंडरचं एक पान होतं. मागे चार रकाने, आमच्या दोघांच्या नावाने, लेबर डेच्या तीन दिवसांसाठी. खायच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘चौकात, कठड्यावर. डबा घरचा. एक पराठा जास्तीचा न्यावा.’ आणि खाली, लाल शाईत: ‘वय छापायची काही गरज नव्हती.’